होडी उलटी करून बघणारे दाजी

आमच्या दाजींच्या हातात कुठलीही नवी वस्तू दिली की ते आधी ती उलटी करत. माठ, पाट, चप्पल, मिक्सर, काहीही. बूड बघितल्याशिवाय वस्तू कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या अक्काला बघायला आले होते तेव्हा त्यांनी चहा संपवला, बशी पालथी केली, तिच्या बुडावर काय छापलंय ते वाचलं आणि ती परत सुलटी ठेवली. मी तेव्हा शाळेत होते आणि पडद्याआडून सगळं बघत होते. आईचा जीव खाली-वर. तिला वाटलं, बशीला चीर आहे आणि ती पाहुण्यांच्या लक्षात आली. पाहुणे गेल्यावर घरात मुलाच्या पगाराऐवजी त्या बशीवरच चर्चा झाली. शेवटी वडील म्हणाले, "पोरगा पाटबंधाऱ्यात हाय. बशा उलट्या करंल न्हाईतर सुलट्या, आपल्याला काय करायचंय?" आणि लग्न ठरलं.

या उलटापालटीच्या जोडीला त्यांचा एक शब्द होता, 'कामून'. आमच्या नांदेडकडे 'का' म्हणायला हा शब्द आहे आणि तो दाजींइतका कुणी वापरला नसेल. डॉक्टरांनी गोळी बदलली की कामून, बस वाटेत थांबली की कामून, विहारात वंदना चालू असताना मेणबत्तीची ज्योत एकाच बाजूला झुकली तरी शेजारच्याच्या कानात, कामून? त्यात खोच नसायची, भांडण तर मुळीच नसायचं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. उत्तर मिळालं की चेहरा फुलायचा; नाही मिळालं की ती गोष्ट आमच्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसायची.

होडीही अशीच मानगुटीवर बसली. निवृत्त झाल्यावर दाजी आणि अक्का लातूरला स्वतःच्या घरात राहत होते. एकदा मुलाकडे पुण्याला गेले असताना धरणाच्या पाण्यावर त्यांनी शिडाच्या छोट्या होड्या पाहिल्या. इंजिन नाही, वल्हं नाही. आणि त्यातली एक तर वारा समोरून येत असताना, नागमोडी वळणं घेत, त्याच वाऱ्याकडे निघालेली. दाजींच्या हातातलं कणीस हातातच राहिलं. मागून आलेला वारा ढकलेल, हे कुणालाही कळतं. समोरून येणारा वारा होडीला स्वतःकडे कसा बोलावतो? मुलाने फोनवर शोधून काहीतरी सांगितलं, ते यांना पटलं नाही. लातूरला परतल्यावर ते उठता-बसता त्याच होड्यांचे व्हिडिओ बघू लागले. एका रविवारी मी नांदेडहून गेले, तर मला ताटावरच गाठून त्यांनी ओला चिंचोका दोन बोटांत दाबला. तो सुळकन पुढे उडाला आणि अक्काच्या वरणात पडला. "बगा कुंदाबाई," ते म्हणाले, "बोटं आडवी दाबून राहिलीत अन् चिंचोका चालला पुढं. एक बोट वारं, एक बोट पाणी. मधी होडी." मला कळलं. अक्काने वरण बदलून घेतलं.

त्याच जेवणात त्यांनी जाहीर केलं की अशी एक होडी घ्यायची. ज्या गावात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात, त्या गावातला माणूस होडी घेणार म्हटल्यावर मी काय सोडते! टाकीत सोडणार का, गच्चीवर की जमिनीखालच्या, असं मी विचारलं. त्यांच्या जावयापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी हात धुऊन घेतले. दाजी शांतपणे ऐकत राहिले. मेव्हणीची चेष्टा त्यांनी कधीच अंगाला लावून घेतली नाही, त्यामुळे तिच्यातली अर्धी मजा जायची.

आपल्याला पाणी कळतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दाजींची सगळी नोकरी पाण्याच्या काठाने झाली होती. तलावाची पातळी बघायची, लिहायची, वर कळवायची, कालव्यावरून फिरायचं. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत कुठला तलाव आधी भरतो, कुठला होळीलाच तळ दाखवतो, कुठे गाळ आहे, कुठे कातळ, हे त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. रेणापूरकडचा एक तलाव त्यांनी मनात धरून ठेवला होता. इतकी वर्षं काठावरून त्याच्याकडे बघितलं, आता एकदा मधून काठाकडे बघायचंय, एवढंच त्यांचं मागणं. पण इतक्या तलावांपैकी एकाच्याही पाण्यात दाजी घोट्याच्या वर उतरलेले नव्हते, हे मात्र आम्हाला माहीत नव्हतं. अक्कालासुद्धा नाही.

ते कळलं हैदराबादला. तिथे तलावाकाठी जुन्या शिडाच्या होड्या दुरुस्त करून विकणारे एक सलीमभाई दाजींनी फोनवरून हुडकून काढले. आम्ही तिघं निघालो: दाजी, डबा घेऊन अक्का, आणि मी. मी कशाला, तर होडी पाण्यापर्यंत ओढायला दोन माणसं लागतात आणि अक्काने आधीच हात वर केले होते. बँकेतून रजा काढून मी मेव्हण्याच्या होडीला हातभार लावायला निघाले, हे साहेबांना सांगताना मला जरा जडच गेलं.

सलीमभाईंच्या आवारात चार होड्या होत्या. दाजींनी अर्थातच एकेक पालथी करायला लावली. पहिली निमुळती, एकट्या माणसाची, फार देखणी. पण तिच्यात बसायला खोलगट जागाच नव्हती, फळीवर बसल्यासारखं वरच बसायचं आणि सारखं भिजायचं. दाजींनी बसून बघितलं आणि गुडघा धरून उठले. दुसरी दोन होड्या जोडून केलेली, वाऱ्यासारखी पळणारी. ती सहसा उलटत नाही, पण उलटली तर तुमच्या दोघांच्याने सरळ होणार नाही, हे सलीमभाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. तिसरी जुनी, लाकडी, पॉलिश केलेली. तिच्यावर माझं मन बसलं. चौथी रुंद, पांढरी, फायबरची, रंग उडालेली. तिला बघून मला डेअरीतला दुधाचा टब आठवला.

लाकडी होडी घ्यावी म्हणून मी दाजींना भरीला घातलं. त्यांनी ती सुलटी करायला लावली, बाजूचा नळ बघितला, आणि बादलीने तिच्यात पाणी ओतायला सुरुवात केली. सलीमभाई धावत आले. त्यांच्या उभ्या जन्मात कुणी गिऱ्हाइकाने होडीत पाणी भरून बघितलं नव्हतं. आता आमच्याकडे माठ घ्या, घागर घ्या, कोठी घ्या, पाणी भरून खाली हात फिरवल्याशिवाय कुणी घेत नाही. दाजींनी तेच केलं. "साब," सलीमभाई म्हणाले, "पानी इसके बाहर रहता, अंदर नै." दाजी नोकरीभर दख्खनी बोललेले. "मालूम है भाई," ते म्हणाले. "पन जो बाहरसे अंदर आता, वो अंदरसे बाहर बी जाता की नै?" सलीमभाईंनी जरा विचार केला आणि दुसरी बादली स्वतःच आणली. वजनाने फळ्या फाकायला नकोत म्हणून थोड्यावरच थांबले. होडीच्या मधोमध एक खाच असते, तिच्यातून एक पातं पाण्यात खाली सोडतात, म्हणजे वारा होडीला आडवं लोटू शकत नाही. त्या खाचेच्या कडेने पाणी पाझरायला लागलं. माझं मन बसलं होतं ते उठलं.

राहिली टबासारखी. दाजींनी विचारलं, उलटली तर काय होतं? सलीमभाई म्हणाले, त्यात काय, पाण्यात नेऊन दाखवतो, पण तुम्हीही करून बघा. जो ही होडी चालवणार त्याला ती सरळ करता आलीच पाहिजे. मग सहज विचारलं, "तैरना तो आता ना साब?" दाजींनी विचारलं, पातं किती खोल जातं? सलीमभाईंनी ते सांगून पुन्हा विचारलं. दाजींनी डोलकाठीची उंची विचारली. तेव्हा झाडाखाली डबा सोडत बसलेल्या अक्काने झाकण खाली ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्याला प्रश्न विचारणारा आपला नवरा एका साध्या प्रश्नाला बगल देऊन राहिलाय, हे तिला बरोबर दिसलं. "आहो," ती म्हणाली, "ते काय इचारून राहिलेत?"

दाजी तलावाकडे बघत म्हणाले, "न्हाई येत."

 परतीच्या गाडीत अक्काने निकाल दिला. पोहायला आल्याशिवाय होडी घरी येणार नाही, आणि आली तर अक्का स्वतःच्या हाताने तिच्यावर कुऱ्हाड घालेल. होडी हवी असेल तर आधी पोहणं, बाकी बोलणं नाही. मी दाजींना विचारलं, नायगावकडचे तुम्ही, खेड्यात वाढलेले, तुमच्याकडची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, तुम्ही कसे राहिलात? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता तेच विचारतील, कामून विचारता. पण त्यांनी सांगितलं. गावात पोहायची विहीर एकच, मळ्यातली. उन्हाळ्यात गावची सगळी पोरं तिच्यात. आपल्या वस्तीतल्या पोरांनी त्या विहिरीच्या पायरीला पाय लावायचा नाही. वस्तीजवळच्या ओढ्याला पावसाळ्यात गुडघाभर पाणी, एरवी वाळू. दुपारभर पलीकडच्या बांधावर शेरडं राखत बसायचं आणि धपाधप आवाज ऐकायचा.

"आमी उड्या ऐकल्या," दाजी म्हणाले. "मारल्या न्हाईत."

मी नांदेडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढले. हे असं होतं हे मला माहीत होतं, वडिलांकडून, सभांमधून. पण ते माझ्यासमोर बसून शेंगा सोलणाऱ्या माझ्या दाजींचं होतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि मला फार राग आला. दाजींना आलेला दिसला नाही. ते म्हणाले, त्यांना त्या वयातही एकच प्रश्न पडायचा की इतक्या उंचावरून उडी मारलेला पोरगा परत वर कसा येतो.

लातूरच्या पाण्यात पोहायला शिकणं दाजींना पटेना. जिथे प्यायला मोजून मिळतं तिथे अंगाखाली तलावभर घ्यायचं, हे त्यांच्या खात्याच्या मनाला झेपणारं नव्हतं. म्हणून ते नांदेडला आमच्याकडे मुक्कामाला आले. पोहायला शिकण्यासाठी मेव्हणीकडे राहायला आलेले हे जगातले पहिले दाजी असावेत. सकाळी ते तिथल्या पोहण्याच्या तलावावर पुरुषांच्या वेळेत जायचे. मी घरी चहा करत बसण्याऐवजी बायकांच्या वेळेत नाव घातलं, कारण होडी ओढणारी आत पडली तर तिला कोण काढणार, हा प्रश्न अक्काच्या अजून लक्षात आला नव्हता आणि तो येण्याआधी उत्तर तयार असलेलं बरं.

शिकवणारे गृहस्थ दाजींना वैतागले. काका पाण्यात उतरत, कठड्याची दांडी धरत आणि तिथून प्रश्न विचारत. पाणी माणसाला वर कामून ढकलतं? मग दगडाला कामून ढकलत नाही? बारीक माणूस लवकर बुडतो की जाडा? शिकवणारे म्हणत, काका, सगळं सांगतो, आधी दांडी सोडा. दांडी काही सुटत नव्हती. घरी आल्यावर त्यांची बोटं आखडलेली असायची आणि भाकरी मोडताना दुखायची. मला वाटलं, होडीचं प्रकरण इथेच संपणार. भीतीला वय असतं आणि ती दाजींच्या वयाची झालेली होती.

मग एके दिवशी ते घरी आले ते डोळे लालभडक करून, आणि हसत. दांडी सुटली होती. मी विचारलं, धीर कसा झाला? ते म्हणाले, धीर नाही झाला. या तलावाच्या तळाला काय आहे ते बघावंसं वाटलं, म्हणून डोळे उघडे ठेवून तोंड खाली घातलं. खाली निळ्या फरशा होत्या आणि त्यांच्यावर उन्हाच्या रेघा हलत होत्या. त्या बघता बघता दांडी हातातून कधी सुटली ते कळलंच नाही. "पाण्यानं धरलं हो मला, कुंदाबाई," ते म्हणाले. मी भाकऱ्या थापत होते, म्हणून बरं, नाहीतर माझे डोळे त्यांना दिसले असते.

उन्हाळा संपता संपता आम्ही पुन्हा हैदराबादला गेलो. सलीमभाईंनी चौथी होडी पाण्यात नेली आणि दाजींनी ती स्वतःच्या हाताने उलटी केली. यावेळी स्वतःसकट. मग सांगितल्याप्रमाणे वळसा घालून खालच्या पात्यावर चढले, कड धरून मागे रेलले, आणि ती पांढरी रुंद बया पाणी निथळत उठून बसली. आतलं पाणी तिच्या तळाच्या भोकांमधून आपोआप निघून जात होतं. मग दाजींनी मला कारणं ऐकवली. पातं वर घेतलं की वीतभर पाण्यातही तरंगते, म्हणजे पाणी हटत गेलं तरी चालेल. गाळावरून दोघांना ओढता येते. शिडाची आडवी काठी डोक्याच्या वर राहते, वळताना कपाळमोक्ष नाही. दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत हवा कोंडलेली, म्हणून बुडत नाही. आणि दोन माणसांना ऐसपैस. मी म्हटलं, अक्का तर बसणार नाही म्हणते, मग एकट्याची का नाही बघितली? "आज न्हाई म्हणते," ते म्हणाले. "जागा असली म्हंजी माणूस येतंय."

पावसाळा सरल्यावर होडी टेम्पोतून रेणापूरकडच्या तलावावर आली. परवानगी दाजींनी रीतसर काढली होती. मासेमारी करणारे जमले आणि जाळं कुठाय म्हणून विचारू लागले. एक शेतकरी फार खोलात शिरला. हिच्यातून माल नेता येतो का? नाही. माणसं पलीकडे सोडता येतात का? एखादं. मग हिचा उपयोग काय? दाजी म्हणाले, उपयोग काहीच नाही, वारं कुठून कुठं जातं ते बघायचं. त्या माणसाने होडीकडे बघितलं, दाजींकडे बघितलं, आणि ढकलायला हात लावला.

अक्का बसली नाही. सलीमभाईंनी दिलेल्या केशरी जाकिटांपैकी एक तिच्यासाठी होतं, ते तिने घडी घालून खाली घेतलं आणि त्याच्यावर बसली. दर रविवारी ती आमच्याबरोबर यायची. बाभळीखाली सतरंजी, डबा, आणि निवडायला सुपात काहीतरी धान्य. मी दाजींच्या पुढे बसून छोट्या शिडाचा दोर सांभाळायची, ते सुकाणू धरायचे. वारा बदलला की त्यांचं 'कामून' सुरू. टेकडीच्या आड वारा मरतो, उसाच्या फडावरून आला की गरम येतो, दुपारनंतर तो एकदम धक्के देतो, हे त्यांनी हळूहळू हुडकून काढलं. परत आलो की मी अक्काला चिडवायची की सकाळपासून सूपभर तूर निवडून होत नाही, बसायचं नाही तर निदान काम तरी कर. ती म्हणायची, खडे लई हायेत.

एकदा उलटलो. टेकडीच्या आडून बाहेर आलो आणि धक्का बसला, मला काय होतंय ते कळायच्या आत मी पाण्यात होते. वर आले तर दाजी नाहीत. होडी आडवी, शीड पाण्यावर पसरलेलं. मी त्यांना हाक मारली, पुन्हा मारली. नांदेडच्या त्या तलावात जे काही शिकले होते ते सगळं विसरले. फक्त जाकीट मला धरून होतं. मग शिडाच्या पलीकडून दाजींचं डोकं वर आलं. ते शिडाखाली सापडले होते आणि चाचपत कडेपर्यंत आले होते. त्यांनी तोंडातलं पाणी टाकलं, मला होडी धरायला सांगितलं आणि पात्यावर चढले.  होडी पहिल्यांदा उठली नाही, दुसऱ्यांदा उठली.

काठाशी आलो तेव्हा अक्का कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. साडी, चपला, सगळ्यासकट. तूर गाळात सांडलेली. कोळ्यांची होडी तिने हाका मारून अर्ध्या वाटेपर्यंत पाठवली होती. तिने दाजींना टॉवेल दिला, माझे केस पुसले, डबा तसाच बांधला. लातूर येईपर्यंत दाजी तिला समजावत होते की आता सगळी भीती गेली, उलटून बघायचं होतं ते झालं. तिने पुढचे दोन दिवस त्यांना वाढलं, पण बोलली नाही. पुढच्या रविवारी मात्र डबा भरून तीच आधी तयार होती.

त्याच हिवाळ्यात आम्ही दाजींच्या गावी एका लग्नाला गेलो. मळ्याच्या मालकाचा मुलगा दाजींच्या वर्गातला. दोघांचं आता चांगलं सख्य, एकमेकांच्या घरी जेवणं. बोलता बोलता विहिरीकडे आलो. दाजींच्या पोहण्याची खबर गावात पोहोचलेलीच होती. "उतर की आता," तो मित्र मनापासून म्हणाला, "कोण आडवतंय?" दाजी कठड्यावरून वाकले. पाणी किती हात, झरा कुठल्या बाजूने, मोटर कधी बसवली, सगळं विचारून घेतलं. उतरले नाहीत. मित्राच्या खांद्यावर हात ठेवून चहाला चला म्हणाले. परतताना मी विचारलं, का नाही उतरलात?  "लहान हाय हो ती," ते म्हणाले. "शीड उभारायला जागा न्हाई तिच्यात." मी त्यावर हसले, तेही हसले. पण गाडी नायगाव ओलांडून पुढे येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

आम्हाला असे थोडेच हिवाळे मिळाले. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी दाजींना ताप आला, तो उतरेना, दवाखान्यात नेलं आणि तिथून ते परत आले नाहीत. पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळी माणसं आली. तलावावरचे कोळी आले, तो उपयोग विचारणारा शेतकरी आला, विहिरीच्या मळ्यातला तो मित्र येऊन वंदना संपेपर्यंत हात जोडून बसला. सलीमभाईंचा फोन आला.  त्यांनी सांगितलं की होडी द्यायची असेल तर ते स्वतः येऊन घेऊन जातील. भाच्याचंही तेच मत पडलं, आई एकटी, मावशी नांदेडला, होडी कोण बघणार? मला ती जाऊ द्यायची नव्हती, पण होडीवर माझा काय हक्क?

अक्का म्हणाली, आधी रविवारी तलावावर जाऊ.

मला वाटलं, शेवटचं बघायला. मी होडीवरचं कापड काढलं, आत साचलेली पानं काढली. मागे वळले तर अक्काने साडीवर ते केशरी जाकीट चढवलं होतं आणि बंद लावायची खटपट करत होती. मी लावून दिले. घाबरतेस ना, म्हणून विचारलं.

"भ्याले कवा होते मी?" ती म्हणाली. "दोगं बी आत गेलो अन् उलटली, तर हाक कोण मारणार? काठावर एक माणूस लागतंय बाई. म्हणून न्हाई बसले." मग पाण्याकडे बघत म्हणाली, "आता काठावर बसून कुणावर ध्यान ठेवू? ने मला."

मी तिला पुढे बसवलं, होडी ढकलली आणि सुकाणू धरलं. वारा बेताचा होता. अक्का दोन्ही हातांनी कड धरून ताठ बसली होती. मधे आलो तेव्हा ती वळून काठाकडे बघायला लागली. तिथे कुणी नव्हतं. नुसती बाभूळ आणि खालची चपटी जमीन. ती पुष्कळ वेळ बघत राहिली.

"हितून लई लहान दिसतंय गं ते," ती म्हणाली. "त्यांना मी दिसत असंन का?"

इतके रविवार मी तिच्या नवऱ्याबरोबर या होडीत बसले आणि ही गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. दाजींचं तोंड सारखं तिकडेच असायचं. वळायचं कधी ते ठरवताना ते पाण्याकडे बघत नसत. तुमची अक्का उभी राहिली बगा, म्हणायचे, लई लांब आलो, वळा.

"दिसायचीस," मी म्हटलं. "तुझ्यावरूनच वळायचे ते."

अक्काने तोंडाला पदर लावला आणि रडली. दाजी गेल्यापासून माझ्यादेखत ती पहिल्यांदाच रडत होती. शिडाचा दोर सोडला की होडी थांबते. मी दोर सोडून दिला आणि तिचं रडून होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच, मधोमध, थांबून राहिलो.